परतून सांगितलेले गाऱ्हाणे

डॉ. परेशने अकरा प्रश्न विचारले, सगुण घाडींनी अकरा उत्तरे दिली आणि पाचव्या मिनिटाला परेशचे पेन कागदावरून उचलले गेले. निदान अचूक होते. मधुमेहामुळे पायांच्या नसा बधिर झाल्या होत्या. गोळ्या, पायांची निगा, पुढच्या तपासणीची तारीख, सगळे त्याने व्यवस्थित सांगितले. पेडणे तालुक्यातल्या एका लहानशा आरोग्य केंद्राच्या वरच्या मजल्यावर, लसींच्या फ्रीजला लागून असलेल्या खोलीत, बाकीचे सात इंटर्न भिंतीला टेकून पाहत होते. रुग्ण खोटा होता. परीक्षा मात्र खरी होती.

"आता गाऱ्हाणं," प्रशिक्षण देणाऱ्या डॉ. गौरवी म्हणाल्या.

नियम एवढाच होता. तपासणी संपली की डॉक्टरने रुग्णाचे म्हणणे रुग्णालाच परतून सांगायचे. रुग्ण 'व्हय' म्हणाला तर डॉक्टर पास, 'ना' म्हणाला तर नापास.

परेशने खुर्ची पुढे ओढली. "तुमच्या पायांना मुंग्या येतात, तळव्यांना स्पर्श कळत नाही, साखर ताब्यात नाही आणि गोळ्या तुम्ही नियमित घेत नाही."

सगुण घाडींनी मान हलवली. "ना."

"ना? का ना?"

"ह्यां तुमचां गाऱ्हाणां झालां, दोतोर. माझां न्हय. मी पयलां काय सांगलंय?"

परेशने कागद पाहिला. कागदावर ते नव्हते. भिंतीला टेकलेल्या सातांपैकी एकीला ते आठवले. सगुणांनी पहिल्याच वाक्यात सांगितले होते की देवळाच्या पायऱ्यांवर पायातली चप्पल सुटली, ती सुटल्याचे कळलेच नाही, एकाच चपलेने घरापर्यंत आलो आणि वाटेवरची माणसे हसली. तेव्हापासून भजनाला गेलो नाही. परेशने यातले 'स्पर्श कळत नाही' एवढे उचलले होते. भजन कागदाबाहेर राहिले होते.

"नसांचां तुमी बघा," सगुण म्हणाले. "पण भजनाक माका कोण धाडतलो?"

सगळे हसले. परेश हसला नाही, आणि त्याला कारण होते. तो साखळी शहरातल्या एका व्यापारी घराण्यातला, पाचही वर्षे वर्गात पहिल्या तिघांत राहिलेला मुलगा. पुण्याला एमडीची जागा त्याने स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तिथे हजर व्हायचे होते. गावातली ही तीन महिन्यांची नेमणूक पुरी झाल्याचा दाखला त्याशिवाय चालणार नव्हता, आणि त्या दाखल्यावर या वर्षीपासून संवादाच्या परीक्षेचा एक रकाना आला होता. प्रत्येकाला तीन संधी. तिन्ही हुकल्या तर नेमणूक एका महिन्याने वाढणार होती, आणि पुण्याची जागा तोवर कोणी राखून ठेवणार नव्हते. त्याची एक संधी त्या बुधवारी गेली.

*

सगुण घाडी वीज खात्यात लाइनमन होते. चौतीस वर्षे खांबांवर चढून ते चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पण गावात त्यांना कोणी लाइनमन म्हणून ओळखत नाही. त्यांच्या घराण्याकडे ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणे घालण्याचा मान आहे. ज्याला देवापुढे काही सांगायचे असेल तो नारळ घेऊन येतो, आपली अडचण घाडींच्या कानावर घालतो, आणि घाडी ती खड्या आवाजात देवापुढे मांडतात. जमलेली माणसे वाक्यावाक्याला 'व्हय महाराजा' म्हणून त्याला पुष्टी देतात. नारळ ज्याचा, गाऱ्हाणे त्याचे. घाडींचा फक्त आवाज.

हे 'फक्त' समजायला सगुणांना एक म्हैस लागली.

वडील वारले तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. आवाज उत्तम, शब्दांचा सोस त्याहून उत्तम. तिसऱ्या की चौथ्या सोमवारी वरच्या वाड्यावरची सुलोचनाकाकी नारळ घेऊन आली आणि म्हणाली, म्हस दूध देत नाही. सुलोचनाकाकीच्या मुलाचे लग्न जमत नव्हते, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. म्हशीसाठी का कोणी एवढा चढ चढून येते, असे मनाशी ठरवून सगुणांनी म्हशीला एका वाक्यात वाटेला लावले आणि लग्नावर आवाज चढवला. घराण्याचा दिवा, सोन्यासारखी सून, अंगणात मांडव, असे सगळे देवापुढे उभे केले. माणसे रंगून 'व्हय महाराजा' म्हणत होती. तेवढ्यात सुलोचनाकाकी खांबाआडून पुढे आली.

"मेल्या, ह्यां कधी सांगलंय मी तुका?"

सगुण थांबले.

"आता देव झिलाच्या लग्नाक लागतलो आणि म्हस माझी तशीच ऱ्हवतली! दी माझो नारळ परत!"

नारळ फुटलेला होता. तो परत देता येईना आणि काकी हटेना. शेवटी सगुणांनी स्वतःच्या पैशांनी दुसरा नारळ आणवला आणि फक्त म्हशीचे, म्हशीइतकेच, गाऱ्हाणे पुन्हा घातले. देऊळ हसून बेजार झाले. मुलाचे लग्न त्याच वर्षी झाले, तेव्हा काकीने भर मांडवात त्यांना सुनावले, "बघलंस? मी सांगूक नसताना झालां." म्हशीचे पुढे काय झाले, हे त्यांनी कधी विचारले नाही.

तेव्हापासून सगुणांनी एक पद्धत ठेवली आहे. देवापुढे तोंड उघडण्याआधी ते ऐकलेले सगळे त्या माणसालाच हळू आवाजात परतून सांगतात. तो 'व्हय' म्हणाला तरच पुढे जायचे.

डॉ. गौरवींनी ही पद्धत प्रथम पाहिली ती देवळात नव्हे, केंद्राच्या ओसरीवर. सगुणांची पत्नी गंगा दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येते आणि सगुण सोबत येतात. एकदा बाकावर शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने आपले दुखणे त्यांना सांगितले, त्यांनी सवयीने ते परतून सांगितले, म्हाताऱ्याने दोन ठिकाणी दुरुस्ती केली. आत आल्यावर तोच म्हातारा गौरवींसमोर इतके सरळ आणि नेमके बोलला, की त्यांनी बाहेर येऊन विचारले, "ह्यांना कोणी पढवून पाठवलं?"

"पढवूक ना, दोतोरबाय," गंगा म्हणाली. "आमच्या घोवाक दुसऱ्याचां ऐकूची खोड आसा. घरच्यांचां सोडून."

गौरवींकडे तेव्हा इंटर्नना संवाद शिकवण्याचे काम नव्यानेच आले होते. सोबत छापील कार्डांचा एक गठ्ठा होता आणि रुग्णाचे काम करायला कॉलेजच्या नाट्यमंडळातली चार मुले. त्या मुलांनी पहिल्याच दिवशी असे विव्हळायला सुरुवात केली की खालच्या मजल्यावरची एक गरोदर बाई उठून घरी निघाली. गौरवींनी मुलांना वडापाव खाऊ घालून निरोप दिला आणि सगुणांना बोलावणे धाडले.

सगुण अभिनय करत नाहीत. गेल्या अडतीस वर्षांत ऐकलेल्या हजारो गाऱ्हाण्यांतले एखादे ते नाव-गाव काढून सांगतात, ज्या क्रमाने ते आले त्याच क्रमाने. आधी भलतेच, मग थोडे खरे, आणि समोरचा थांबला तर उरलेले. या भागात रुग्ण काय बोलतो आणि काय बोलत नाही, हे त्यांच्याकडून कळते. ऑपरेशनआधी "उपाशी आहात का?" असे विचारल्यावर सकाळी वाडगाभर पेज प्यालेली बाई "व्हय" म्हणते, कारण तिच्या लेखी पेज हे खाणे नाही, तेव्हा पेज, चहा आणि पाव यांची नावे घेऊन विचारावे, ही त्यांचीच सूचना. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ती भिंतीवर लिहून लावली आहे.

परतून सांगण्याची पद्धत रुग्णांपुरती राहिली नाही. वॉर्डच्या मालती सिस्टर तीस वर्षे डॉक्टरांच्या घाईघाईच्या सूचना झेलत आल्या होत्या. एक दिवस फोनवर एका इंटर्नने "दोन नंबरला ते इंजेक्शन देऊन टाका" म्हटले तेव्हा त्या म्हणाल्या, "असं नाही. कोणतं, किती, कधी, ते सांगा. मी परतून सांगते. मग तुम्ही व्हय म्हणा." आठवडाभरात सगळे केंद्र हे करू लागले. औषधांच्या खिडकीतून, प्रयोगशाळेतून, रुग्णवाहिकेच्या चालकाकडून दिवसभर "व्हय महाराजा" ऐकू येई. चहावाल्यानेही तीन साखरेचे, दोन बिनसाखरेचे परतून सांगायला सुरुवात केली आणि त्याचे चहा प्रथमच बरोबर येऊ लागले.

*

दुसऱ्या संधीसाठी परेश तयारी करून आला. या वेळी सगुण खोकल्याचे रुग्ण होते. परेशने पेन खिशात ठेवले, मध्ये एकदाही तोडले नाही, ऐकलेले सारे मनात साठवले आणि शेवटी विचारले, "आणखी काही?"

"ना," सगुण म्हणाले.

परेशने गाऱ्हाणे परतून सांगितले. शब्दन् शब्द बरोबर. सगुणांनी बराच वेळ विचार केला.

"ना."

"आता काय राहिलं?" परेशचा आवाज चढला. "तुम्ही जे जे बोललात ते सगळं सांगितलं!"

"बोललंय तां सांगलास. बोलूचा होता तां ऱ्हवलां." सगुणांनी त्याच्या पायांकडे बोट दाखवले. "'आणखी काही' म्हणताना तुमी उठलात, दोतोर. उठलेल्या माणसाक कोण काय सांगता?"

परेशने खाली पाहिले. तो खरोखरच उभा होता.

पुढच्या सोमवारी सकाळी तो मोटरसायकलने सगुणांच्या दारात आला. तिसरी संधी बुधवारी होती. गंगा अंगणात मिरच्या वाळत घालत होती.

"नापास केलो तो दोतोर तूच मरे?" तिने विचारले. "बस. कदेल घे ती. चाय ठेवतां."

परेश खुर्चीत बसला आणि चहा येईपर्यंत त्याचा धीर सुटला. "काका, स्पष्टच विचारतो. तुम्हांला काय ऐकायचं असतं ते एकदा सांगा. मी पाठ करीन."

"पाठ करून गावता तर मी कित्याक ना म्हटला असतां?"

"पण मी चुकतो कुठं?"

सगुणांनी बशीतला पाव चहात बुडवला. "माका सांगूक येणा. म्हशीच्या वेळार माका तरी खंय कळलां होतां? आज सोमवार. देवळाकडे यो."

"आणि जाताना हेल्मेट काढून जा," गंगा म्हणाली. "देव घाबरतलो."

देवळात त्या दिवशी आठ-दहा नारळ होते. परेश खांबाला टेकून उभा राहिला. सगुण प्रत्येकाचे ऐकत, हळू आवाजात परतून सांगत, आणि मग देवापुढे उभे राहत. पाचवा माणूस अशोक होता, बेळगाव जिल्ह्यातून औद्योगिक वसाहतीत कामाला आलेला. सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी, पूनम. अशोक बोलू लागला तो थांबेना. गावाकडे आई एकटी आहे, पोरीला तिकडे ठेवली तर आईला सोबत होईल. इथली शाळा चांगली आहे, बाई जीव लावते. खोली लहान आहे. पोरगी हुशार आहे. भाऊ म्हणतो पाठव, बायको म्हणते नको.

सगुणांनी परतून सांगायला सुरुवात केली. "पोरीक गावाक धाडूची आसा आणि आवयशीक सोबत..."

"तसं नव्हं, काका."

"बरां. पोरीक हयच ठेवूची आसा आणि..."

"तसंबी नव्हं."

रांगेतली माणसे पाहू लागली. मागून कोणीतरी घसा खाकरला. अडतीस वर्षे गाऱ्हाणे घालणारा माणूस दोनदा चुकला होता, आणि तेही सगळ्यांदेखत. सगुणांच्या चेहऱ्यावर मात्र काही फरक नव्हता.

"माका कळूक ना, अशोक," ते म्हणाले. "परत सांग. घाई ना."

अशोकने तोंड उघडले, मिटले. मुलीकडे पाहिले.

"तेच तर हाय, काका," तो शेवटी म्हणाला. "मलाच कळंना झालंय."

"मगे तांच सांगूया."

आणि सगुणांनी देवापुढे उभे राहून आवाज लावला, "हे देवा महाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्या पायाकडे नारळ ठेवलोहा. पोरीक हय ठेवूची काय गावाक धाडूची, तां त्येका कळना महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"काय इचारूचां, ताच ह्या लेकराक कळना महाराजा!"

"व्हय महाराजा!"

अशोक मोठ्याने हसला. हसता हसता त्याने डोळे पुसले. पूनम बापाकडे पाहत म्हणाली, "बाबा, मला इचारलंच न्हाई कुणी." तेव्हा तर अख्ख्या रांगेलाच हसू फुटले. अशोक तिला घेऊन पायरीवर बसला आणि विचारू लागला.

परेश उरलेले सगळे नारळ संपेपर्यंत थांबला.

*

बुधवारी खोलीत गर्दी होती. मालती सिस्टर दारात उभ्या होत्या, चहावाला किटली घेऊन त्यांच्या मागे. एक तारखेला नऊ दिवस उरले होते.

या वेळी सगुण हर्नियाचे रुग्ण होते. शस्त्रक्रियेची तारीख दोनदा मिळाली, दोनदा चुकली. परेश समोर बसला. सगुणांनी सांगायला सुरुवात केली. पहिल्या खेपेस भाचीचे लग्न आले. दुसऱ्या खेपेस म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात काजू न्यायचे होते. दुखते तसे फार नाही. पण दुखते. शेजारी म्हणतो करून घे. करायला हरकत नाही. पण सध्या नको.

परेश ऐकत राहिला. सगुण थांबले तेव्हाही तो बोलला नाही, आणि उठलाही नाही. मग म्हणाला, "आता मी सांगून बघतो. चुकलं तर थांबवा. तुम्हांला दुखतं. ऑपरेशन नको असं तुम्ही म्हणत नाही. लग्न झालं, बाजारही झाला, तरी तुम्हांला तारीख नको आहे." तो अडला. भिंतीजवळच्या कोणीतरी हुंकार दिला. डॉ. गौरवींनी वहीवरची नजर उचलली.

"का नको, ते मला कळलं नाही, काका," परेश म्हणाला. कान लाल झाले होते, पण आवाज स्थिर होता. "मी ऐकलं, तरी कळलं नाही. परत सांगाल?"

पाच वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. एक इंटर्न दुसऱ्याकडे पाहू लागला.

सगुणांनी दाराकडे पाहिले, फ्रीजकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "बेशुद्ध केल्यार माणूस बडबडता म्हणतत."

"काय बडबडतो?"

"मनातला. सगळा." सगुण आणखी वाकले. "माझ्या पोटात एक गोष्ट आसा. पंधरा वर्सां झाली. ती बायलेक कळली तर हर्निया परवडलो म्हणूची पाळी येतली."

चहावाल्याने किटली खाली ठेवली. मालती सिस्टरांनी पदर तोंडाला लावला. परेशला हसू येत होते, ते त्याने गिळले.

"कोणती गोष्ट, ते मी विचारणार नाही," तो म्हणाला. "पण एक सांगतो. हे ऑपरेशन करायला पूर्ण बेशुद्ध करावंच लागतं असं नाही. पाठीत सुई देऊन कंबरेखालचाच भाग बधिर करता येतो. तुम्ही जागे राहाल. तोंड तुमच्याच ताब्यात."

"जागो?"

"जागे. हवं तर आम्हांला दोन गोष्टी सांगा, हव्या त्याच."

सगुण मागे टेकले. "मगे परतून सांग."

"तुम्हांला ऑपरेशन हवं आहे. भीती सुरीची नाही, जिभेची आहे. ती सांगायची लाज वाटत होती म्हणून लग्न आणि काजू सांगितलेत."

सगुण घाडी खुर्चीतून उठले आणि त्यांनी देवळातला खडा आवाज त्या छोट्या खोलीत सोडला.

"व्हय महाराजा!"

"व्हय महाराजा!" सात इंटर्न, सिस्टर आणि चहावाला एका सुरात म्हणाले. खालच्या मजल्यावर रांगेतल्या कोणीतरी काही न समजता पुन्हा एकदा "व्हय महाराजा" म्हटले.

"हा पेशंट कोण होता हो, काका?" गोंगाट ओसरल्यावर सिस्टरांनी विचारले.

"गाऱ्हाणां घातल्यार नाव विसरूचां असता," सगुण म्हणाले. "आणि ती गोष्ट त्येनी माका पण सांगूक ना."

डॉ. गौरवींनी फॉर्म पुढे केला. परीक्षकाच्या रकान्यात सगुणांची सही हवी होती. फॉर्म इंग्रजीत होता. सगुणांनी चष्मा लावला, काढला आणि कागद परेशच्या हातात दिला.

"काय लिवलां आसा, वाचून सांग. सही करूची ती कळून करूची."

परेशने कागद वाचला आणि मग गावच्या बोलीत, एकेक ओळ सोडवत सांगू लागला. नाव. केंद्राचे नाव. तारीख. "आणि हय म्हटलां आसा की हो दोतोर पेशंटाचां नीट ऐकता आणि त्येका समजात असा बोलता."

सगुणांनी ते मनाशी घोळवले. "'सदांच ऐकता' असां लिवलां आसा?"

परेशने पुन्हा नीट पाहिले. "ना. 'सदांच' ना."

"मगे बरां आसा," सगुण म्हणाले आणि त्यांनी सही केली.